मेळ्यात जुनी गाडी देऊन नवी घ्यायची, तर जुनीचा भाव कसा ठरवावा?

दौलतगंजातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. सासऱ्यांच्या नावावर २०१७ ची स्विफ्ट आहे: पेट्रोल, व्हीएक्सआय, ५८ हजार किलोमीटर चाललेली, कर्ज फिटलेलं. जानेवारीत ग्वाल्हेरच्या मेळ्यात ती देऊन नवी घ्यायचा विचार आहे. शोरूमवाले ३ लाख ५ हजार म्हणतात, मोबाइलवरच्या अ‍ॅपवर ३ लाख ६० हजार दिसतात, आणि शेजारचे काका म्हणतात ३ लाख ९० च्या खाली सोडूच नका. खरा भाव कोणता, आणि तो शोरूमवाल्याकडून काढायचा कसा?

ताई, जुन्या गाड्या तपासून भाव लावायचं काम मी एकोणीस वर्षं करतोय. पहिली बारा वर्षं शोरूमच्या एक्सचेंजच्या टेबलावर बसून केलं, आता घेणाऱ्या-विकणाऱ्यांसाठी स्वतंत्रपणे करतो. टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते मला माहीत आहे, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी तुमचे तीन आकडे बघू. काकांचे ३ लाख ९० ही जाहिरातीतली मागणी आहे. तशी गाडी विकणारा एवढे मागतो, पण घेणारा एवढे देत नाही. अ‍ॅपवरचे ३ लाख ६० हे गाडी न बघता सांगितलेले असतात. त्यांचा माणूस घरी येऊन तपासून गेला की आकडा खाली येतो, कधी १० हजारांनी, कधी ४०. शोरूमचे ३ लाख ५ ही त्यांची पहिली बोली, आणि पहिल्या बोलीत पुढच्या ओढाताणीसाठी जागा ठेवलेली असतेच.

आता शोरूमवाला हिशेब कसा मांडतो ते बघा. अशी गाडी शेवटच्या गिऱ्हाइकाला ३ लाख ८० ला जाईल असं तो धरतो. तिच्यावर खर्च येणार: टायर बदलायचे असतील तर १६ हजारांच्या आसपास, सर्व्हिस, पॉलिश, सीट धुणं, मिळून २० ते २२ हजार. मग त्याचा नफा, गाडी दोन महिने उभी राहिली तर अडकलेला पैसा आणि त्यावरचा जीएसटी, असे आणखी ३० ते ३५ हजार. उरतात ३ लाख २३ ते ३ लाख ३०. तुमच्या गाडीचा एक्सचेंजचा रास्त भाव माझ्या मते इथे आहे. ३ लाख ५ वर हो म्हणू नका. पण ३ लाख ६० साठी हटून बसलात तर तो नव्या गाडीतून ते काढून घेईल, आणि तुम्हाला कळणारही नाही.

जीएसटीबद्दल एक सांगतो, कारण हे कारण पुढे करून भाव पाडतात. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला १८ टक्के जीएसटी आहे खरा, पण तो फक्त त्याच्या नफ्यावर. गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. ४० हजार सुटले तर कर बसतो साधारण ६ ते ७ हजार. घरगुती गाडी विकणाऱ्या तुमच्यासारख्यांना जीएसटी लागत नाही. 'साहेब, ३ लाखांवर १८ टक्के आम्हाला भरावे लागतात' असं कोणी म्हणालं तर शांतपणे सांगा की कर नफ्यावर आहे.

सप्टेंबर २०२५ चा जीएसटीचा बदल मात्र तुमच्या विरुद्ध जातो, आणि तो मान्य करायला हवा. २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा कर २८ टक्के आणि वर सेस, म्हणजे उपकर, होता, तो १८ टक्क्यांवर आला. नवी स्विफ्टच स्वस्त झाली, तेव्हा जुनीचा भाव वर कसा राहणार? काका जो आकडा सांगतात तो बहुधा त्याआधीचा आहे. शिवाय तुमची गाडी २०१७ ची, म्हणजे जुन्या आकाराची. नव्या आकाराची स्विफ्ट फेब्रुवारी २०१८ मध्ये आली. वय दोन-तीन महिन्यांनी कमी-जास्त असलं तरी गिऱ्हाईक आकार बघतं, आणि तिथे १५-२० हजारांचा फरक पडतो.

आता मुख्य गोष्ट. एक्सचेंजच्या सौद्यात चार वेगवेगळ्या रकमा असतात आणि प्रत्येकीचा मालक वेगळा असतो. जुन्या गाडीची किंमत शोरूम देतं. एक्सचेंज बोनस गाडी बनवणारी कंपनी देते. रोख सूट काही कंपनीची, काही शोरूमची. आणि मेळ्यातली करसवलत सरकारची. शोरूमवाला या चारही एका कागदावर मिसळतो आणि एकच मोठा आकडा दाखवतो. तुम्ही त्या आकड्यावर खूश होता, आणि चारातली एखादी रक्कम गुपचूप बारीक झालेली असते.

मी त्या टेबलावर बसून हे केलं आहे. जिवाजीगंजातले एक निवृत्त गुरुजी आले होते, जुनी वॅगनआर घेऊन. मला वरून सूचना होती: जुनीचे ३० हजार जास्त सांगायचे आणि नव्यावरची सूट तेवढीच कमी करायची. बहुतेक लोक जुनीचा आकडा ऐकूनच सही करत. गुरुजींनी खिशातून वही काढली, पेन्सिलने मधोमध रेघ ओढली, एका बाजूला नव्या गाडीच्या सगळ्या रकमा लिहिल्या, दुसऱ्या बाजूला जुनीच्या. खाली वजाबाकी केली आणि विचारलं, 'म्हणजे वरून किती द्यायचे?' मी आकडा सांगितला. त्यांनी वहीचं मागचं पान उलटलं. तिथे दुसऱ्या शोरूमचं, जुनी गाडी न देता घेतलेलं कोटेशन होतं. दोन्ही ताडून ते म्हणाले, 'तुमच्याकडे माझी गाडी महाग आहे, पण तुमची गाडीही तेवढीच महाग आहे.' मला मान खाली घालावी लागली. तेव्हापासून गाडी विकायला आलेल्या प्रत्येकाला मी ती रेघ ओढायला सांगतो.

तुम्हीही तेच करा. पहिल्या भेटीत जुन्या गाडीचं नावच काढू नका. नवी गाडी, रंग, मॉडेल, ऑन-रोड किंमत आणि सूट हे सगळं लेखी घ्या. ते हातात आल्यावरच 'आमच्याकडे एक जुनी आहे' म्हणा. मग कागदावर चार ओळी लिहून मागा: जुनीची किंमत, कंपनीचा बोनस, सूट, कर. 'सगळं धरून ३ लाख ३५ देतो' म्हणाले तर विचारा, यातला बोनस किती? तो १५ किंवा २० हजार असेल तर गाडीचे त्यांनी ३ लाख २० किंवा ३ लाख १५ च लावलेत. बोनस तुम्हाला कंपनी देणारच होती.

बोनसला एक अट असते, आणि तुमच्या बाबतीत ती महत्त्वाची आहे. जुन्या आणि नव्या गाडीचे मालक एकच किंवा जवळच्या नात्यातले असावे लागतात. नवरा-बायको, आई-वडील, मुलं बहुतेक योजनांमध्ये चालतात. सुनेचं नाव चालतं की नाही ते योजनेवर असतं. नवी गाडी तुमच्या नावावर घेणार असाल तर बुकिंगच्या आधी हे लेखी विचारून घ्या. आणि शक्य असेल तर नवी सासऱ्यांच्याच नावावर घ्यायचा विचार करा, कारण विम्याचा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. पाच वर्षं क्लेम घेतला नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या प्रीमियमवर ५० टक्के सूट मिळते, आणि ती सासरे नव्या गाडीवर घेऊन जाऊ शकतात. जुनी विकल्याचा पुरावा देऊन विमा कंपनीकडून तसं पत्र घ्यायचं. ते तीन वर्षं चालतं. शोरूममधला विम्याचा माणूस हे आपणहून सांगेलच असं नाही.

आता मेळा. १९०५ मध्ये माधवराव शिंद्यांनी पशुमेळा म्हणून सुरू केलेला हा मेळा आज रेसकोर्स रोडवर भरतो तेव्हा अर्ध्या मध्य प्रदेशातून लोक गाडी घ्यायला येतात, कारण सवलत जाहीर झाली की वाहनकरात ५० टक्के माफी मिळते. अट अशी की गाडी मेळ्यातून घ्यायची आणि तिची नोंदणी ग्वाल्हेरच्या आरटीओत करायची. तुम्ही इथल्याच, तेव्हा तुम्हाला अडचण नाही. समजा कर ८० हजार बसणार होता, तर ४० वाचले. पण हे ४० हजार शोरूमवाल्याने दिलेले नाहीत, हे मनात पक्कं ठेवा. मेळ्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य आहे, 'अहो, टॅक्समध्ये ४० वाचतायत ना, मग जुनीत १५ साठी कशाला ओढता?' त्यावर उत्तर एवढंच: ते सरकारने दिले, तुम्ही किती देता ते सांगा.

मेळ्याला दुसरी एक बाजू आहे, जी नीटशी कोणी सांगत नाही. मेळा रंगतो जानेवारीत, आणि १ जानेवारीला तुमची गाडी व्यापाऱ्याच्या वहीत एक वर्षाने म्हातारी होते. डिसेंबरात आठ वर्षांची, जानेवारीत नऊची. गाडी तीच असते, पण भाव १०-१५ हजारांनी उतरतो. शिवाय मेळ्यात जुन्या गाड्या एकदम येतात, तपासणाऱ्या माणसाकडे वेळ नसतो, आणि घाईत तो सुरक्षित म्हणजे कमी भाव लावतो. यावर दोन मार्ग. पहिला, डिसेंबरातच तीन ठिकाणी गाडी दाखवून लेखी भाव घ्या आणि तो मेळ्यातल्या डिलिव्हरीपर्यंत लागू राहील असं लिहून घ्या. दुसरा, डिसेंबरातच जुनी थेट विका आणि मेळ्यापर्यंत गाडीशिवाय राहा. थेट विकून तुम्हाला ३ लाख ५० पर्यंत मिळू शकतील, म्हणजे एक्सचेंजपेक्षा २०-२५ हजार जास्त. पण मग बोनस बहुधा जातो, अनोळखी लोक घरी येतात, आणि त्यांच्याबरोबर फेऱ्या माराव्या लागतात. सासरे एकटे असतील तर मी एक्सचेंजच सुचवीन. थेट विकलीत तर पूर्ण रक्कम बँकेतून घ्या. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही.

आपल्या शहराची आणखी एक अडचण आहे, दिल्ली जवळ असल्याची. तिथे १० वर्षांवरचं डिझेल आणि १५ वर्षांवरचं पेट्रोल वाहन चालवण्यावर निर्बंध आल्यापासून दिल्लीच्या जुन्या गाड्या एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, घेऊन इकडे येतात आणि स्वस्तात विकल्या जातात. त्यामुळे दलाल तुमच्या गाडीची तुलना दिल्लीच्या गाडीशी करतो. तुम्ही तुलना करू देऊ नका. एमपी ०७, पहिला मालक, एकाच कुटुंबाने चालवलेली आणि पूर्ण सर्व्हिस नोंद असलेली गाडी त्या रांगेत बसत नाही. सर्व्हिसची सगळी बिलं एका फाइलमध्ये लावून न्या. फाइल टेबलावर ठेवली की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी कितीतरी वेळा बघितलं आहे.

तपासायला येणारा माणूस काय बघतो ते माहीत असलं की घाबरायला होत नाही. तो आधी दाराच्या चौकटीवरचं काळं रबर बोटांनी ओढतो. खाली पत्र्यावर कंपनीच्या वेल्डिंगचे गोल, सारख्या अंतरावरचे ठसे असतात. ते एकसारखे असले तर चौकट शाबूत आहे. मग बॉनेट उघडून बोल्टांचा रंग बघतो. पाना लागलेला असेल तर बोल्टाच्या कोपऱ्यावरचा रंग उडालेला असतो. मग खिशातून रंग मोजायचं छोटं यंत्र काढून प्रत्येक पत्र्यावर टेकवतो. कंपनीचा रंग ८० ते १४० मायक्रॉनच्या आसपास येतो, पुन्हा मारलेला २०० च्या वर जातो, आणि खाली पुट्टी भरलेली असेल तर आकडा ५०० च्याही पुढे पळतो. टायरवर चार आकडे छापलेले असतात, ३२१७ असेल तर तो टायर २०१७ च्या ३२ व्या आठवड्यातला.

म्हणून विकायच्या आधी गाडीला रंग मारून आणू नका. ओरखडा दिसला तर दोन हजार कापतील, पण ताजा रंग सापडला तर अपघात लपवलाय असं समजून दहा कापतील. नवे टायरही घालू नका, तो पैसा परत येत नाही. गाडी आतून-बाहेरून धुवा, बंद दिवे बदला, डिकीतलं सामान काढा, बस. इंजिन मात्र गरम करून ठेवू नका. ग्वाल्हेरच्या थंडीत सकाळी पहिल्या चावीला सुरू होणारी गाडी बघून तपासणारा मनातल्या मनात तिला पसंत करतो, आणि गरम बॉनेटवर हात टेकला की त्याला शंका येते.

कुठे ठोकली असेल तर सांगून टाका. कंपनीच्या वर्कशॉपची नोंद आणि विम्याचे क्लेम त्याला दिसतातच. आपण सांगितलेल्या दोषाला तो एक भाव लावतो, आणि स्वतः शोधलेल्या दोषाला त्याच्या दुप्पट.

भाव ठरला की खरी जोखीम सुरू होते. नवी गाडी यायला सहा आठवडे लागतात. त्या दिवशी तुम्ही हार, नारळ घेऊन पोचता, आणि तिथे सांगतात, 'जुनी दीड हजार किलोमीटर जास्त चालली, बाजार पडला, आता १५ हजार कमी.' नवी गाडी समोर उभी, घरचे जमलेले, मग कोण भांडतं? म्हणून बुकिंगच्या कागदावरच लिहून घ्या: जुनीची ठरलेली किंमत, ती कोणत्या तारखेपर्यंत लागू, मधल्या काळात किती किलोमीटर चालवता येतील, आणि नवा अपघात झाला तरच फेरतपासणी. हे लिहून द्यायला कोणी तयार नसेल तर तो भाव धरूच नका.

कागदपत्रांचंही थोडं. कर्ज फिटलंय म्हणालात, पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, बँकेचं नाव अजून आहे का ते बघा. फिटलं तरी ते आपोआप जात नाही, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओत द्यावे लागतात. बँकेच्या एनओसीला बहुधा तीन महिन्यांची मुदत असते, जुनी पडली असेल तर नवी घ्या. थकलेली दंडाची चलनं भरून टाका, नाहीतर नाव बदलताना अडतं आणि तेवढ्यावरून भाव कापतात.

गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० कोरे सही करून देऊ नका. घेणाऱ्याचं नाव आणि तारीख तुमच्या समोर भरली गेली पाहिजे. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असं कायदा सांगतो. एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्याला गाडी सोपवताना फॉर्म २९सी भरायची सोय झाली आहे. त्यानंतर गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते. तुमचं शोरूम तशी नोंदणी केलेलं आहे का, विचारा. हे इतकं ताणून सांगतो कारण सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, गाडी पुढे कितीही हातांत गेली असली तरी. सासऱ्यांचं नाव त्या आरसीवरून गेल्याची पावती मिळेपर्यंत शोरूमला दर आठवड्याला फोन करा. देताना तारीख आणि वेळ लिहिलेलं सोपवल्याचं पत्र, शोरूमच्या शिक्क्यासह, घ्या.

फास्टॅग काचेवरून काढून बंद करा, नाहीतर दलाल गाडी आग्र्याला नेईल आणि टोल तुमच्या खात्यातून जाईल. आणि आज संध्याकाळीच कपाटात बघून गाडीची दुसरी किल्ली शोधून ठेवा. ती नसली तर डिलिव्हरीच्या दिवशी दोन-चार हजार कापायला त्यांना आयतं निमित्त मिळतं.